मास्टरांचा जोड

"हळू," पोकुआ गाडीखालून म्हणाली. "तुला गाडी वळवायची नाहीये. स्टिअरिंग नुसतं हलवायचं. थोडं इकडं, थोडं तिकडं."

वर बसलेल्या डॉनकोरनं पुन्हा अख्खा वळसा मारला. पुढची चाकं करकरत वळली आणि पोकुआनं सांध्यावर ठेवलेला हात झटकन मागं घेतला. ड्रायव्हर लोकांचं हे असंच असतं. हळू म्हटलं की त्यांना अपमान झाल्यासारखा वाटतो.

"बाई, बोटं आहेत ना जागेवर?" डॉनकोरनं वरून विचारलं.

"अजून तरी आहेत. तुझ्याच भरवशावर आहेत, एवढं ध्यानात ठेव आणि हलव."

मग त्यानं नीट हलवलं. सैल स्टिअरिंगचं दुखणं एकट्यानं सापडत नाही, त्याला दोघं लागतात. एकानं वर बसून स्टिअरिंग हलवायचं आणि दुसऱ्यानं खाली उताणं पडून एकेका सांध्यावर तळवा ठेवत जायचं. झिजलेला सांधा तळव्याला टक करून सांगतो. गाडी जॅकवर उचलून चालत नाही, कारण चाकांवर वजन असेल तरच सांधा बोलतो. पोकुआनं डावीकडचा सांधा बघितला, उजवीकडचा बघितला, मधला दांडा बघितला. सगळे गप्प. गप्पच असणार, कारण मागच्या महिन्यात तिनंच ते नवे घातले होते, आणि तरीही डॉनकोर परत आला होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा तिनं स्टिअरिंगच्या दांड्याचा खालचा सांधा बदलला. आता हा तिसऱ्यांदा तिच्या दारात उभा, आणि स्टिअरिंग अजून चार बोटं फुकट फिरत होतं.

"मी स्टिअरिंग फिरवतो, मग गाडी विचार करते, मग वळते," असं तो सकाळी आल्या आल्या म्हणाला होता. "माझ्या सासऱ्याला काही विचारलं की असंच होतं."

शेजारच्या पंक्चरवाल्या सारपाँगनं त्यावर मनापासून हसून घेतलं. पोकुआ हसली नाही. कारण पुढं डॉनकोरनं जे सांगितलं ते हसण्यासारखं नव्हतं. मांपाँगचा घाट उतरताना समोरून लाकडाचा ट्रक आला आणि याची गाडी आपणहून त्याच्या अंगावर निघाली. यानं स्टिअरिंग ओढलं, हाताला काही लागेचना, आणि जेव्हा लागलं तेव्हा गाडी कडेच्या नालीला चाटून गेली. आत बसलेल्या बायकांना वाटलं ड्रायव्हर प्यायलाय. उद्या शनिवार. चर्चच्या गाणाऱ्या बायकांना घेऊन त्याला घाटापलीकडच्या गावी अंत्यविधीला जायचं होतं. त्या बायकांत त्याची आई होती, आणि आई नेहमी पुढच्याच सीटवर बसते, मागं तिला मळमळतं. तेव्हा आज दुखणं सापडलं पाहिजे, नाहीतर दुसरी गाडी बघायला लागेल, आणि शनिवारी कुमासीत दुसरी गाडी मिळणं म्हणजे आकाशाला शिडी लावणं. सगळं शहर काळे-तांबडे कपडे घालून कुणाच्या ना कुणाच्या अंत्यविधीला निघालेलं असतं.

"अजून हलव," पोकुआ म्हणाली.

तिनं तळवा स्टिअरिंगच्या बॉक्सवर ठेवला. हा बॉक्स गाडीच्या सांगाड्याला बोल्टांनी घट्ट बसवलेला असतो. वरून स्टिअरिंग फिरतं, बॉक्स ते फिरणं खाली चाकांकडे पाठवतो आणि स्वतः जागचा हलत नाही. हा हलला. अगदी थोडा, पण तळव्याला कळला. तिला वाटलं आपलाच हात हलला असेल. तिनं पुन्हा हलवायला सांगितलं आणि या वेळी श्वास धरून बघत राहिली. बॉक्स आधी स्वतः सरकत होता, आणि सरकायला जागा संपली की मग कुठं चाकांना ओढत होता. बोल्ट सैल असतील म्हणून तिनं पाना लावला. बोल्ट दगडासारखे घट्ट. म्हणजे बॉक्स ज्या पत्र्यावर बसवला होता तो जाड पत्राच हलत होता.

तिनं चिंधी रॉकेलमध्ये बुडवून तिथलं जुनं ग्रीस पुसायला घेतलं. थरावर थर होते. कुणीच तिथं कधी पुसलं नव्हतं. तिनंही नाही.

त्याचं कारण मॅगझिनमध्ये, म्हणजे गॅरेजांच्या या वस्तीत, कुणालाही विचारा. या गाडीचं स्टिअरिंग जन्माला आलं तेव्हा उजवीकडे होतं. जपानहून येणाऱ्या गाड्यांचं असतंच, आणि आमच्याकडे उजवीकडचं स्टिअरिंग कायद्याला चालत नाही. म्हणून ते डावीकडे आणतात. बॉक्स हलवायचा, सांगाड्याला नवा पत्रा वेल्ड करायचा, दांडे उलटे बसवायचे. त्या कामात पोकुआचे गुरू, बेदियाको मास्टर, यांचा हात धरणारा कुणी नव्हता. वेल्ड संपवताना रॉड उचलण्याआधी ते तो किंचित मागं वळवत आणि तिथं एक छोटासा वळसा उमटत असे. तो वळसा दिसला की फिटर लोक तिथं बघायचं सोडून देत. मास्टरांचा जोड पुन्हा तपासायचा म्हणजे आजोबांना दात घासलेत का म्हणून विचारायचं. असलं कुणी करतं का?

ग्रीस निघालं. वळसा दिसला. आणि वळशापासून मागं मागं नजर नेताना पोकुआला तडा दिसला, तड्याच्या कडेनं गंजाची तांबडी भुकटी दिसली, आणि तडा कशानं गेला तेही दिसलं. वेल्ड निम्म्यापर्यंत सांध्यावरून आला होता. तिथून त्यानं सांधा सोडला होता आणि बाजूनं, नुसत्या पत्र्यावरून, शेवटपर्यंत गेला होता. एकसारखा, गुळगुळीत, कुठं फुगा नाही की भोक नाही. वेल्ड सुंदर होता. फक्त जिथं हवा होता तिथं नव्हता.

"सापडलं का?" वरून डॉनकोर.

पोकुआनं चिंधी पुन्हा तड्यावरून फिरवली. पाठीखाली पुठ्ठा होता, त्यातूनही जमिनीचा गारवा लागत होता. जुनं झालं म्हणून तुटलेला जोड वेगळा दिसतो. हा करताना करणाऱ्याला सांधाच दिसला नव्हता.

आणि ती तिथं होती. मागच्या वर्षी, ईस्टरनंतर. डॉनकोरनं गाडी घेतली ती त्याच सुमाराला. ती पलीकडच्या चाकापाशी काम करत होती आणि मास्टर या बाजूला रॉडचं टोक पत्र्यावर टिचकी मारल्यासारखं टेकवत पुढं सरकत होते. "सरळ आहे ना गं?" त्यांनी विचारलं होतं. वडीलधाऱ्यांनी असं विचारलं की जे म्हणायचं असतं ते ती म्हणाली होती. "सरळ आहे, मास्टर." तिनं मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं. बघायचं नव्हतंच तिला.

कारण ठाऊक होतं. रांगेत सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि कुणी कुणाशी बोललं नव्हतं. मास्टर उठले की त्यांच्या वाटेतला जॅक कुणीतरी उचलून बाजूला ठेवी. सारपाँग पार्टच्या डब्यावरचे आकडे त्यांना मोठ्यांदा वाचून दाखवी आणि वर कंपनीला शिव्या घाली, की मेल्यांनो, मुंग्यांसाठी छापता का. पोकुआ चहाचा मग त्यांच्या समोर न ठेवता हातातच देई. हे सगळं प्रेमानं चाललं होतं. अशा माणसाला तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगणं म्हणजे त्याला उघडं करणं. इतर कुणापेक्षा पोकुआला ते जड होतं. मॅगझिनमध्ये मुलीला कुणी हाताखाली घेत नव्हतं तेव्हा मास्टरांनी तिला घेतलं होतं. लोक हसले, तिच्या आईलाही हसले. शिकून झाल्यावर मास्टरांनी रिवाजाप्रमाणे जमिनीवर दारू ओतली, तिच्या डोक्यावर पांढरी पावडर टाकली आणि तिचे दोन्ही हात धरून सगळ्या रांगेला दाखवले. म्हणाले, या हातांचं काम ते माझं काम, कुणाला काही म्हणायचं असेल तर मला म्हणा. त्यानंतर कुणी काही म्हटलं नाही.

ती गाडीखालून बाहेर आली आणि कपाटाकडे जाऊन ग्राइंडर घेतला. ग्राइंडर हातात येईपर्यंत तिनं ठरवूनही टाकलं होतं. डॉनकोरला जेवायला पाठवायचं, जुना वेल्ड घासून टाकायचा, नवा घालायचा, आणि सांध्याचंच काहीतरी होतं म्हणून सांगायचं. घासला की वळसाही गेला. कुणाच्या बापाला कळणार नाही.

पण त्या वर्षात मास्टरांनी ही एकच गाडी केली नव्हती. बाकीच्या कुठं असतील? टेचिमानच्या रस्त्याला, ओबुआसीच्या रस्त्याला, घाटात. ग्राइंडर हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. हा एक वेल्ड लपवला तर ते सगळे लपवल्यासारखं होणार होतं.

मास्टर बदामाच्या झाडाखाली बसले होते, बसमधून काढलेल्या जुन्या सीटवर. चेहरा आवाजाच्या दिशेला वळलेला. वाईट गोष्ट वडीलधाऱ्याच्या तोंडावर सांगत नाहीत. तिसऱ्या माणसाला मध्ये घेतात. म्हणजे मास्टर हातभर अंतरावर बसलेले असले तरी म्हणायचं, सारपाँग, मास्टरांच्या कानावर घाल की असं असं झालंय. मग सारपाँगनं ते गोड करून सांगायचं, आणि मास्टरांनी उत्तरही त्यालाच द्यायचं. रिवाज चांगला आहे, त्यानं कुणाचं तोंड पोळत नाही. पण सारपाँगच्या तोंडात गोष्ट ठेवली की संध्याकाळपर्यंत ती सगळ्या मॅगझिनची होते.

"जा, जेवून ये," ती डॉनकोरला म्हणाली. "वेळ लागेल."

"आधी सांग काय झालंय ते. माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही." आणि ती अडवायच्या आत तो गाडीखाली वाकला. ड्रायव्हरला वेल्डमधलं काय कळतं, पण तडा कुणालाही कळतो. तो वाकलेला बघून सारपाँगही हात पुसत आला, त्याच्याजवळ टॉर्च होता. टॉर्चचा उजेड पत्र्यावरून फिरत फिरत शेवटच्या वळशापाशी जाऊन थांबला.

"अरे," सारपाँग म्हणाला, "हा तर..."

"माझा आहे," पोकुआ म्हणाली.

दोघांनीही माना वर केल्या. ती बोलत गेली. म्हणाली, मास्टरांनी त्या दिवशी पत्रा मला करायला दिला होता, मी घाई केली, वळसा तेवढा त्यांच्यासारखा काढला. वळसा तर त्यांच्या हाताखाली शिकलेले सगळेच काढतात. खोटं किती सोपं निघालं याचं तिलाच नवल वाटलं.

डॉनकोर सरळ उभा राहिला. मग बोलायला लागला तो थांबेना. गेलं वर्षभर तो याच्यावर बसून गाडी चालवत होता, शाळेची पोरं नेत होता, आणि ज्या बाईनं हे केलं तीच बाई त्याला एकेक सांधा बदलून देत होती. तिला इथं बघावंसंही वाटलं नाही? की बघितलं आणि गप्प बसली? पोकुआनं मान खाली घातली. त्यातलं निम्मं खरं होतं, आणि तेच जास्त लागलं. आजूबाजूचे फिटर जमले. सारपाँग म्हणाला की पोरीच्या जातीला स्पॅनर झेपतो, वेल्डिंग नाही, हे तो पहिल्यापासून म्हणत आलाय. म्हणत आला नव्हता. पण आता म्हणाला.

"मी तिच्या हातचा जोड पुन्हा घेणार नाही," डॉनकोर म्हणाला. "उद्या माझी आई बसणार आहे या गाडीत. मास्टरांनी स्वतः करावा."

हे कुणाला वावगं वाटलं नाही. सगळ्यांचे चेहरे झाडाकडे वळले. पोकुआला तेव्हा कळलं की आपण काय करून ठेवलंय. तिनं मास्टरांचं नाव वाचवलं होतं, आणि तेच नाव आता त्यांना पुन्हा गाडीखाली बोलावत होतं.

मास्टर उठले. कुणीतरी त्यांच्या वाटेतली तेलाची बादली उचलली. चालत ते गाडीपाशी आले, बॉनेटवर हात ठेवून थांबले.

"वेल्डिंगचा चष्मा द्या माझा," ते म्हणाले. "आणि पोकुआ, तू चल माझ्याबरोबर. बॉक्स उतरवून घे."

तिनं बॅटरीची वायर काढली, आत शिरली, बॉक्स उतरवला. मग मास्टर पुठ्ठ्यावर आडवे झाले आणि सरकत तिच्या बाजूला आले. बाहेरच्यांना आता दोघांचे पाय तेवढे दिसत होते. बाहेर डॉनकोर अजून बोलत होता, त्याला कुणीतरी शांत करत होतं.

"कुठं आहे?" मास्टरांनी हलक्या आवाजात विचारलं.

तिनं त्यांचा हात धरून पत्र्यावर ठेवला. बोटं वेल्डवरून सरकायला लागली. कडक झालेली, भाजून भाजून गुळगुळीत झालेली बोटं. निम्म्यावर आल्यावर ती थांबली. अंगठ्यानं शेजारचा सांधा शोधला, सांध्यातली फट शोधली, नखानं ती चाचपली. मग पुन्हा वेल्डवरून पुढं गेली, शेवटाला वळशापर्यंत, आणि तिथं राहिली.

"हा तुझा नाही."

"नाही, मास्टर."

"मग का म्हणालीस?"

उत्तर होतं, पण ते त्यांच्याजवळ बोलण्यासारखं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि उताणं पडल्यामुळे पाणी कानात गेलं.

"मी विचारलं होतं तुला," मास्टर म्हणाले. "सरळ आहे ना म्हणून."

"हो."

"मला दिसत नव्हतं, पोकुआ. तुला तर दिसत होतं."

रागानं म्हणाले असते तर तिनं सोसलं असतं. ते नुसतं सांगत होते, पाना दहाचा हवा की बाराचा हे सांगावं तसं. मग त्यांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला. "घास आता," ते म्हणाले. "मुळापर्यंत घास."

तिनं ग्राइंडर चालू केला. ठिणग्या पाठीमागं उडत होत्या आणि मास्टर डोळे मिटून तोंड पलीकडं वळवून पडले होते. वळसा सगळ्यात शेवटी गेला. मग तिनं पत्रा शिकंज्यानं दाबून बसवला आणि वेल्डिंगचा होल्डर घेतला. अंगावर गळणारं वेल्डिंग हे सगळ्यात वाईट काम. एकेक थेंब गळ्याशी येऊन चटका देत होता, पण ती थांबली नाही. आधी मुळाशी एक, वरून दुसरा, आणि कोपऱ्यात आधाराला पत्र्याचा एक तुकडा. मास्टरांनी तो तुकडा सांडशीत धरून ठेवला होता. हात जराही हलला नाही. शेवटाला आली तेव्हा तिनं रॉड सरळ वर उचलला.

जोड निवल्यावर तिनं बॉक्स परत चढवला. त्याच्या वरचा स्क्रू कुणीतरी मध्येच आवळून ठेवला होता. स्टिअरिंग सैल वाटलं की अर्धवट लोक आधी तेच करतात, आणि बॉक्स खाऊन टाकतात. तिनं तो बेतानं सोडवला. मग डॉनकोरला वर बसवून हलवायला सांगितलं. तळवा बॉक्सवर ठेवला, बॉक्स जागचा हलला नाही. वर बोटभर हललं की खाली चाक हलत होतं.

डॉनकोर गाडी घेऊन मोठ्या चौकापर्यंत जाऊन आला. उतरला तो वेगळाच माणूस होता. "आता विचार करत नाही," म्हणाला. "मी मनात आणायच्या आत वळते." तो थेट झाडाखाली मास्टरांपाशी गेला, वाकून त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, आणि त्या हातांना देवानं आयुष्य द्यावं म्हणाला. हात तो हात, म्हणाला. सारपाँगनं पोकुआच्या खांद्यावर चापट मारली. बघ, याला जोड म्हणतात, शिक काहीतरी.

पोकुआ मास्टरांकडे बघत होती. डॉनकोरनं हात धरले होते ते त्यांनी धरू दिले. तिला वाटलं, आता बोलतील. मग वाटलं, नाही बोलणार. म्हातारा माणूस आहे, एवढं एक नाव आहे त्याच्यापाशी, कशाला बोलेल? आणि असं वाटून तिला त्यांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला.

तेवढ्यात टायर बघायला आलेला एक मालक, जो मघापासून हे सगळं ऐकत होता, पुढं आला. त्याची गाडी कालच टेमा बंदरातून आली होती, स्टिअरिंग अजून उजवीकडेच. मास्टरांच्या हातचं काम डोळ्यांनी बघितलं, म्हणाला, आता दुसरीकडे जायचं कारण नाही. सोमवारी आणतो.

"आण आण," सारपाँग म्हणाला. "मास्टर करतील."

"मास्टर आता वेल्डिंग करणार नाहीत," पोकुआ म्हणाली. "त्यांना दिसत नाही."

तिनं कुणाला मध्ये घेतलं नव्हतं. कानावर घाल वगैरे काही नाही. सरळ, सगळ्यांच्या देखत, मास्टर समोर बसलेले असताना. पलीकडच्या रांगेत कुणीतरी हातोडा मारत होतं तोही थांबल्यासारखा वाटला. सारपाँगचं तोंड उघडंच राहिलं, आणि मग तो तिच्यावर धावून आला, की एक जोड बिघडवलास तो बिघडवलास, वर ज्यानं तुला माणसात आणलं त्याच्यावर...

"सारपाँग," मास्टर म्हणाले.

सारपाँग थांबला.

"सगळ्यांच्या कानावर घाल," मास्टर म्हणाले. आवाज ठणठणीत होता. "पोकुआ म्हणते ते खरं आहे. आजचा जोड तिनं केलाय. तुटलेला माझा होता."

आता रिवाज असा, की वडीलधाऱ्यानं ज्याला सांगितलं त्यानं ते सगळ्यांना पुन्हा सांगायचं. ज्या माणसाला कुठल्याही गोष्टीला तिखटमीठ लावल्याशिवाय चैन पडत नाही, त्या सारपाँगला शब्दाला शब्द बोलावं लागलं. पोकुआ म्हणते ते खरं आहे. आजचा जोड तिनं केलाय. तुटलेला, आणि इथं त्यानं मास्टरांकडे बघितलं, तुटलेला मास्टरांचा होता. बोलून झाल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि ती कुठं ठेवावी हे त्याला समजेना.

टेमाचा मालक हळूच मागं सरकला. डॉनकोर पोकुआकडे बघत होता. मघाशी जे जे बोलला होता ते आता कसं परत घ्यावं, याची त्याला लाज वाटत असावी. पण तो ड्रायव्हर होता आणि त्याच्या डोक्यात आधी रस्ताच आला.

"आणि बाकीच्या गाड्या?" त्यानं विचारलं. "मागच्या वर्षातल्या?"

प्रत्येकजण मनात कुठल्या ना कुठल्या गाडीमागं धावत असावा.

"आधी आंपोफोला फोन लावा," मास्टर म्हणाले. आठवायला ते क्षणभरही थांबले नाहीत. "माझा जावई. त्याची गाडी मीच केली, याच्यानंतर. रोज मांपाँगचा घाट उतरतो. माझी थोरली लेक असते शेजारी, बाजारात माल घेऊन येते ती."

पोकुआनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा तिच्याकडे होता, पण नेमका तिच्यावर नव्हता, जरासा बाजूला. हे नाव त्यांच्या मनात आजचं नव्हतं. कितीतरी दिवस असणार. तिनं हात पँटला पुसले, फोन काढला आणि नंबर लावला. सगळे जवळ येऊन उभे राहिले. पलीकडे घंटी वाजायला लागली, वाजत राहिली, आणि बंद झाली.

"गाडी चालवताना तो फोन घेत नाही," मास्टर म्हणाले. "मीच ताकीद दिलीये त्याला."

पोकुआनं पुन्हा लावला.